खगोलशास्त्राचं शिक्षण आणि संशोधन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचे निकाल लागले की आणि पुन्हा हिवाळ्यात प्रवेश परीक्षांचे अर्ज भरायची वेळ आली की ठरावीक प्रश्नांची पत्रं येऊ लागतात. काही विद्यार्थ्यांची असतात, बरीचशी पालकांची. त्यांतले सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी शिक्षणाचे, मग संशोधनाचे, शेवटी अपवादांचे. परीक्षांचे नियम आणि तारखा दरवर्षी थोड्याफार बदलतात, म्हणून अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचाच.

१. खगोलशास्त्र, खगोलभौतिकी, अवकाशविज्ञान: नेमकं काय शोधायचं?

पहिल्या दोन शब्दांत आज व्यवहारात फरक उरलेला नाही. तारे, दीर्घिका, कृष्णविवरं यांचा अभ्यास भौतिकशास्त्राच्या नियमांनीच होतो, त्यामुळे विभागाचं नाव काहीही असलं तरी आत शिकवतात ते भौतिकशास्त्रच. अवकाशविज्ञानात पृथ्वीचं वरचं वातावरण, सूर्याचा त्यावरचा परिणाम, ग्रहांचा अभ्यास असे विषय जास्त येतात. अवकाश अभियांत्रिकी म्हणजे यानं, प्रक्षेपक, उपग्रह. काही विद्यापीठांत ‘ज्योतिर्विज्ञान’ नावाचे अभ्यासक्रम आहेत. ते फलज्योतिषाचे आहेत, त्यांचा या मार्गाशी काही संबंध नाही.

२. बारावीनंतर थेट खगोलशास्त्राची पदवी घेता येते का?

भारतात फार थोड्या ठिकाणी, आणि ती नाही मिळाली म्हणून काही बिघडत नाही. इथले बहुतेक खगोलशास्त्रज्ञ भौतिकशास्त्राची पदवी घेऊन आलेले आहेत, काही अभियांत्रिकीतून. तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटीत (भारतीय अंतराळ विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्था) इंजिनीअरिंग फिजिक्सच्या दुहेरी पदवीत पुढे खगोलशास्त्राचा पर्याय आहे, तिथला प्रवेश जेईई अॅडव्हान्स्डमधून होतो. आयआयटी इंदूरमध्ये याच विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) या संस्थांचा पाच वर्षांचा बीएस-एमएस (आयसरची स्वतःची परीक्षा), भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबईत कालिन्याचं सीईबीएस (दोन्हींसाठी नेस्ट ही प्रवेश परीक्षा), बंगळुरूच्या आयआयएस्सीची (भारतीय विज्ञान संस्था) चार वर्षांची पदवी: या सगळ्या चांगल्या वाटा आहेत, कारण तिथे पहिल्या वर्षापासून संशोधक आजूबाजूला वावरत असतात. यातलं काहीच जमलं नाही तर भौतिकशास्त्र, गणित आणि जमल्यास संख्याशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बीएस्सी करा. ती पूर्ण प्रतिष्ठेची वाट आहे.

३. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात फक्त साधी बीएस्सी फिजिक्स आहे. मी मागे पडेन का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि त्यामागची भीती खरी असते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अडचणी आहेतच. प्रयोगशाळेत उपकरणं कमी असतात, शिक्षकांच्या जागा रिकाम्या असतात, परीक्षेत पाठांतराला मार्क मिळतात. पण पुढच्या प्रवेश परीक्षांत विचारतात ते यामिकी, विद्युतचुंबकत्व, पुंजयामिकी, ऊष्मागतिकी आणि गणित. हे सगळं तुमच्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात आहे. कमी असतो तो उदाहरणं सोडवण्याचा सराव, आणि तो घरी बसून करता येतो. प्रत्येक धड्याखालची गणितं स्वतः, उत्तर न बघता सोडवायची. तीन वर्षं हे केलेला विद्यार्थी कोणत्याही नामांकित संस्थेतल्या मुलाच्या शेजारी बसू शकतो.

दुसरी गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. पुण्याची आयुका ही संस्था विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८८ मध्ये स्थापन केली. डॉ. जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक. तिच्या नावातच ‘आंतर-विद्यापीठ’ आहे, म्हणजे देशभरातल्या विद्यापीठांत आणि कॉलेजांत खगोलशास्त्र रुजवणं हे तिचं मूळ काम. त्यासाठी कॉलेजांतले प्राध्यापक तिथे ‘व्हिजिटिंग असोसिएट’ म्हणून नेमले जातात. ते सुट्टीत आयुकात येऊन संशोधन करतात, तिथलं ग्रंथालय आणि संगणक वापरतात. अनेक विद्यापीठांत आयुकाची छोटी केंद्रंही आहेत. तुमच्या जिल्ह्यात, शेजारच्या जिल्ह्यात असा कोणी असोसिएट आहे का, हे आयुकाच्या संकेतस्थळावरच्या यादीत शोधा आणि त्यांना भेटा. पहिला प्रकल्प, पहिलं शिफारसपत्र बहुधा अशाच ओळखीतून मिळतं.

४. माझं शिक्षण मराठी माध्यमातून झालंय. इंग्रजीचं काय करू?

गणित आणि समीकरणं सगळीकडे सारखीच असतात, पण शोधनिबंध, व्याख्यानं, मुलाखती इंग्रजीतच असतात. ते टाळता येणार नाही. मात्र लागणारं इंग्रजी वेगळं आहे: मर्यादित शब्दसंग्रह, छोटी वाक्यं, तीच तीच रचना. प्रमाण पाठ्यपुस्तकाची रोज दोन पानं शब्दकोश घेऊन वाचलीत तर वर्षभरात वाचन सुटं होतं. बोलण्यासाठी मित्रासमोर फळ्यावर एक उदाहरण इंग्रजीत समजावून सांगायची सवय लावा. मुलाखतीत तुमचा उच्चार कोणी तपासत नाही, तुम्ही विचार कसा करता ते बघतात. एखादा शब्द अडला तर थांबून आकृती काढा.

आणि मराठीत विचार करणं सोडू नका. संकल्पना मातृभाषेत पक्की झालेला मुलगा फळ्यासमोर उभा राहिला की ते दिसतं.

५. गणित किती लागतं? मला साधारण मार्क पडतात.

कलनशास्त्र, रेषीय बीजगणित, विकलक समीकरणं, सदिश आणि संख्याशास्त्र. यांतलं संख्याशास्त्र आपल्याकडे फारच दुर्लक्षित आहे. आज मोठ्या दुर्बिणींतून इतकी माहिती येते की एखादा ठिपका खरा तारा आहे की नुसता गोंगाट, हे संभाव्यतेच्या भाषेतच ठरवावं लागतं. बीएस्सीत विषय निवडायची संधी असेल तर संख्याशास्त्र जरूर घ्या.

मार्कांबद्दल: बोर्डाच्या परीक्षेतले मार्क वेगाचे असतात. संशोधनात वेग लागत नाही, एका गणितापाशी तीन दिवस बसायची तयारी लागते. ती तुमच्यात आहे का, हे तुम्हालाच ठाऊक.

६. दुर्बीण विकत घ्यावी का?

करिअरसाठी आवश्यक नाही. आकाश ओळखायला आधी डोळे, मग द्विनेत्री आणि मोबाइलवर किंवा संगणकावर फुकट मिळणारं स्टेलॅरियम हे आकाशदर्शनाचं सॉफ्टवेअर पुरतं. पैसे असतील तर ते बऱ्यापैकी लॅपटॉपवर खर्च करा. आकाशनिरीक्षणाची गोडी असेल तर गावातल्या किंवा शहरातल्या आकाशमित्रांच्या मंडळात जा. तिथे दुर्बीण हाताळायला मिळते आणि माणसंही भेटतात.

७. मला इस्रोत जायचंय. मग हेच शिकायचं ना?

इस्रोत बहुसंख्य जागा अभियंत्यांच्या असतात: यंत्र, इलेक्ट्रॉनिक्स, संगणक. खगोलशास्त्राचं संशोधन करायचं असेल तर तुमचं ठिकाण संशोधन संस्था. दोन्हींचा मेळ मात्र होतो. २८ सप्टेंबर २०१५ ला सोडलेल्या अॅस्ट्रोसॅट वेधशाळेवरची उपकरणं टीआयएफआर (मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था), आयुका, बंगळुरूची आयआयए (भारतीय खगोलभौतिकी संस्था) अशा संस्थांच्या सहभागातून तयार झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये निघालेल्या आदित्य-एल१ वरची ‘सूट’ ही सूर्याची अतिनील प्रतिमा घेणारी दुर्बीण आयुकाच्या पुढाकाराने बनली. अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा अवकाश विभागाच्याच अखत्यारीत आहे आणि तिथे खगोलशास्त्रात पीएचडी होते. म्हणजे यानावर बसणारं उपकरण बनवायचं असेल तर प्रश्न ८ वाचा, त्यातून आलेल्या माहितीवर संशोधन करायचं असेल तर बाकीचे.

८. मी इंजिनीअरिंग करतोय. आता वळता येईल?

येईल, आणि या क्षेत्राला अभियंत्यांची गरजही आहे. जुन्नर तालुक्यात खोडदजवळ असलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघा: प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, त्यातल्या १४ मध्यभागी आणि उरलेल्या १६ तीन भुजांवर, एकूण पसारा सुमारे २५ किलोमीटरचा. प्रत्येक अँटेनाचा क्षीण संकेत प्रकाशीय तंतूंतून एकत्र आणायचा, मायक्रोसेकंदाहून सूक्ष्म काळजीने जुळवायचा, त्यातून मोबाइल टॉवर आणि विजेच्या तारांचा गोंगाट गाळायचा. हे काम इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणकाच्या माणसांचं आहे. ज्यांच्या कल्पनेतून ही दुर्बीण उभी राहिली त्या गोविंद स्वरूप यांनी त्याआधी १९६५ मध्ये मुंबईजवळ कल्याणला ३२ लहान तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभारली होती. भारतातल्या रेडिओ खगोलशास्त्राची मुळं अशी महाराष्ट्रातच आहेत.

वळायच्या दोन वाटा. पहिली: बीई किंवा बीटेकनंतर थेट पीएचडी किंवा इंटिग्रेटेड पीएचडीसाठी अर्ज. अनेक संस्था अभियंत्यांना पात्र धरतात, पण लेखी परीक्षा भौतिकशास्त्राची असते, म्हणजे पुंजयामिकी आणि सांख्यिकी यामिकी स्वतः शिकावी लागते. दुसरी: उपकरणं किंवा संगणन या बाजूने प्रकल्प अभियंता म्हणून शिरणं. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. तिथे लेसर, निर्वात यंत्रणा, नियंत्रण यंत्रणा, संगणक अशा सगळ्या बाजूंची माणसं लागणार आहेत. मराठवाड्यातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी या प्रकल्पाकडे लक्ष ठेवावं, असं मनापासून सांगावंसं वाटतं.

९. बीएस्सीनंतर एमएस्सी की इंटिग्रेटेड पीएचडी?

पीएचडी करायचीच हे पक्कं असेल तर इंटिग्रेटेड. एमएस्सी आणि पीएचडी एकाच ठिकाणी होतं, सुरुवातीपासून विद्यावेतन मिळतं, बंगळुरूच्या आयआयएस्सीसारख्या ठिकाणी याचा प्रवेश जॅम या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून होतो. अजून खात्री नसेल तर एमएस्सी. दोन वर्षांत मन बदललं तरी पदवी हातात असते. आयआयटींच्या एमएस्सीसाठी जॅम, विद्यापीठांसाठी त्यांची त्यांची प्रक्रिया. एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प मात्र खगोलशास्त्रातला घ्या, तोच पुढे मुलाखतीत विचारला जातो.

१०. पीएचडीसाठी कोणत्या परीक्षा? त्यात खगोलशास्त्र किती विचारतात?

जेस्ट, गेट (फिजिक्स), सीएसआयआर-नेट (भौतिक विज्ञान) आणि टीआयएफआरची स्वतःची परीक्षा. कोणती संस्था यांतली कोणती धरते हे दरवर्षीच्या जाहिरातीत असतं. बहुतेक ठिकाणी लेखी परीक्षेनंतर मुलाखत होते आणि निर्णय तिच्यावर ठरतो. गेटचे गुण तीन वर्षं चालतात.

खगोलशास्त्र या परीक्षांत जवळपास विचारतच नाहीत. त्यामुळे कृष्णविवरांवरची लोकप्रिय पुस्तकं वाचून तयारी झाली असं समजू नका. मुलाखतीत एखादा साधा प्रश्न येतो, उदाहरणार्थ सूर्य जन्मापासून एकूण किती काळ तळपेल याचा अंदाज करा. सूर्याचं वस्तुमान, त्याची तेजस्विता, हायड्रोजनपासून हीलियम होताना ०.७ टक्के वस्तुमानाची ऊर्जा होते, आणि फक्त गाभ्यातला, म्हणजे सुमारे दहावा हिस्सा हायड्रोजन वापरला जातो, एवढ्यावरून फळ्यावर एक हजार कोटी वर्षांच्या आसपास पोचता आलं पाहिजे.

११. पदवीला असतानाच संशोधनाचा अनुभव कसा मिळवू?

तीन प्रकारे, आणि तिसरा प्रकार कोणाच्याही परवानगीशिवाय आज रात्री सुरू करता येतो.

पहिला, सुट्टीतले कार्यक्रम. आयुकाचा व्हेकेशन स्टुडंट्स प्रोग्रॅम, एनसीआरएचा (जीएमआरटी चालवणारी पुण्यातली संस्था) व्हीएसआरपी, विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप, मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांसाठीचा नियस. पुण्यात आयुका आणि एनसीआरए मिळून हिवाळ्यात रेडिओ खगोलशास्त्राची शाळा घेतात, तिथे विद्यार्थी स्वतः छोट्या रेडिओ दुर्बिणीवर मोजमाप करतात. अर्जात ‘मला लहानपणापासून आकाशाचं वेड’ हे वाक्य जवळपास प्रत्येक जण लिहितो. त्याऐवजी तुम्ही स्वतः काय केलंत, कुठे अडलात, ते चार ओळींत लिहा.

दुसरा, कॉलेजातच काही बांधणं. आकाशगंगेतला हायड्रोजन १४२० मेगाहर्ट्झला संकेत देतो. पत्र्याचा कर्णा, एक छोटा प्रवर्धक आणि संगणकाला जोडायचा आरटीएल-एसडीआर डोंगल, एवढ्यावर तो पकडता येतो. भारतात अनेक कॉलेजांच्या मुलांनी हे केलं आहे. खर्च काही हजारांत भागतो, इलेक्ट्रॉनिक्सचे सर हाताशी हवेत.

तिसरा, खुली माहिती. हा या काळाचा खरा आशीर्वाद आहे. ‘टेस’ आणि ‘केप्लर’ यानांनी मोजलेली ताऱ्यांची तेजस्विता, ‘गाया’ने मोजलेली शंभर कोटींहून अधिक ताऱ्यांची अंतरं, लायगोचे गुरुत्वीय लहरींचे संकेत, जीएमआरटीची जुनी निरीक्षणं: सगळं महाजालावर मोफत आहे. पायथॉन ही संगणकभाषा शिका, तिच्यातली अॅस्ट्रोपाय ही खगोलशास्त्राची आज्ञावली वापरा. सुरुवातीला एक परग्रह घ्या. महाश्व तारकासमूहातल्या एचडी २०९४५८ या ताऱ्यासमोरून दर साडेतीन दिवसांनी एक ग्रह जातो आणि ताऱ्याचा प्रकाश सुमारे दीड टक्क्याने उतरतो. हा उतार तुमच्या आलेखात दिसला की त्याचं वर्गमूळ काढा: ग्रहाची त्रिज्या ताऱ्याच्या त्रिज्येच्या साधारण बारा टक्के. एका संध्याकाळी तुम्ही दुसऱ्या सूर्याभोवतीचा ग्रह मोजलेला असतो. मग अचूकता किती, हा प्रश्न स्वतःला विचारा. त्याच्या उत्तरात खरं शिक्षण आहे.

१२. एका संस्थेने पैसे भरून ऑनलाइन इंटर्नशिप आणि ‘शोधनिबंध प्रकाशन’ देऊ केलंय. घेऊ का?

नको. नामांकित संशोधन संस्था विद्यार्थ्याकडून प्रकल्पासाठी पैसे घेत नाहीत, उलट सुट्टीतल्या कार्यक्रमात सहसा विद्यावेतन देतात. पैसे घेऊन चार दिवसांत निबंध छापणारी नियतकालिकं मुलाखतीत तुमचं नुकसान करतात. शिकवणी म्हणून फी घेणारे वर्ग वेगळे, पण त्यांच्या प्रमाणपत्राला संशोधनाचा अनुभव म्हणू नका.

१३. पीएचडीत रोज नेमकं काय करतात?

पहिलं वर्ष वर्गात जातं. पुण्यात आयुका आणि एनसीआरएचे विद्यार्थी एकत्रच शिकतात: विद्युतगतिकी, प्रारणाच्या प्रक्रिया, ताऱ्यांची रचना, दीर्घिका, विश्वरचनाशास्त्र, निरीक्षणतंत्र. सोबत दोन-तीन छोटे प्रकल्प वेगवेगळ्या मार्गदर्शकांकडे करता येतात आणि मग गाइड ठरतो.

त्यानंतरचा दिवस बहुतांशी संगणकापुढे जातो. सकाळी आर्काइव्ह (arXiv) या निबंधांच्या खुल्या संकेतस्थळावर नवे निबंध बघायचे. मग स्वतःचा कोड, त्यातल्या चुका, दुर्बिणीची माहिती स्वच्छ करणं. जीएमआरटीवर आठ तास निरीक्षण केलं तर त्यातून प्रतिमा काढायला पहिल्यांदा कित्येक आठवडे लागतात. दुर्बिणीवर वेळ मिळवण्यासाठी प्रस्ताव लिहायचा असतो: हे निरीक्षण का हवं, हीच दुर्बीण का, इतकेच तास का. वेळवाटप समिती तो वाचते आणि मागणी वेळेपेक्षा नेहमीच जास्त असते. प्रस्ताव नाकारला जाणं हा या शिक्षणाचाच भाग आहे. समितीचे शेरे वाचून पुढच्या फेरीत सुधारून पाठवायचं.

कामं एकट्याची क्वचितच असतात. जून २०२३ मध्ये जगभरच्या गटांनी अतिमंद गुरुत्वीय लहरींचे पुरावे जाहीर केले, त्यात जीएमआरटीवर वर्षानुवर्षं स्पंदकांच्या (ठरावीक लयीत संकेत देणाऱ्या ताऱ्यांच्या) ठोक्यांची नोंद ठेवणारा भारतीय गट होता आणि त्यात पीएचडीचे विद्यार्थीही होते. एक स्पंदक, महिन्यातून ठरलेली निरीक्षणं, वर्षामागून वर्षं. अशा कामाला लागणारा धीर वर्गात शिकवता येत नाही.

१४. गाइड कसा निवडू? संस्था मोठी की गाइड चांगला?

गाइड. याबाबत मनात शंका नाही. पुढची पाच वर्षं तुमचा आत्मविश्वास याच एका नात्यावर अवलंबून असतो. निवडण्याआधी त्यांच्या आजी-माजी विद्यार्थ्यांशी स्वतंत्रपणे बोला. विचारा: भेट किती वेळा मिळते? निबंधात पहिलं नाव कोणाचं? आजारपण, लग्न, घरची अडचण आली तेव्हा सर किंवा मॅडम कसे वागले? आधीच्या विद्यार्थ्यांना किती वर्षं लागली आणि ते आता कुठे आहेत? विद्यार्थी उत्तर द्यायला कचरत असतील तर तेही उत्तरच समजा.

नातं बिघडलं तर गाइड बदलता येतो. संस्थेत विद्यार्थ्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवणारी समिती असते, तिच्याकडे लवकर जा, तिसऱ्या-चौथ्या वर्षापर्यंत सोसत बसू नका.

१५. घरची परिस्थिती बेताची आहे. पीएचडीचा खर्च कसा भागेल?

नामांकित संस्थांत पीएचडीला पैसे मिळतात. जानेवारी २०२३ पासून केंद्राच्या दराने पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये. वसतिगृह नसेल तर नियमाप्रमाणे घरभाडेही. फेलोशिप काही वेळा उशिरा येते, म्हणून दोन-तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा. विद्यापीठात फेलोशिपशिवाय पीएचडीला बसायचं असेल तर आधी खर्चाचा हिशोब मांडा. बीएस्सी-एमएस्सीसाठीच्या शासकीय शिष्यवृत्त्यांची चौकशी कॉलेजात पहिल्याच महिन्यात करावी.

१६. चार वर्षांच्या पदवीनंतर थेट पीएचडी होते म्हणतात. खरं का?

अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीत किमान ७५ टक्के असतील तर पात्रता आहे, राखीव प्रवर्गांना सवलत आहे. पात्रता म्हणजे प्रवेश नव्हे. परीक्षा प्रश्न १० मधलीच असते आणि तीत एमएस्सीचाही अभ्यासक्रम असतो. बहुतेकांना एमएस्सीचं वर्ष किंवा इंटिग्रेटेड पीएचडी (प्रश्न ९) जास्त मानवते.

१७. परदेशात जावं का?

अमेरिकेत चार वर्षांच्या पदवीनंतर थेट पीएचडीला घेतात. ती पाच-सहा वर्षं चालते, फी माफ आणि विद्यावेतन असतं. युरोपात बहुतेक ठिकाणी आधी मास्टर्स लागते, मग पीएचडी तीन-चार वर्षांची आणि अनेकदा पगारी नोकरीसारखी. सगळीकडे शिफारसपत्रांना फार वजन असतं, म्हणून प्रश्न ११ मधलं काम आधी. स्वतःच्या खर्चाने मोठं कर्ज काढून मास्टर्सला जाणं मात्र दहादा विचार करून. या क्षेत्रातली सुरुवातीची कमाई ते कर्ज पटकन फेडू देत नाही. पीएचडी इथे करून पुढचं पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं मुदतीचं संशोधनपद) परदेशात, ही वाट आपल्याकडच्या अनेकांनी घेतली आहे आणि ती चांगली आहे.

१८. शेवटी नोकरी मिळते का?

पालकांनो, हे उत्तर मुलाबरोबर बसून वाचा.

संशोधक म्हणून कायम जागा मिळेलच असं नाही. पीएचडीनंतर दोन-तीन वर्षांची एक, अशी साधारण दोन किंवा तीन पोस्टडॉक होतात, बहुधा वेगवेगळ्या देशांत, आणि मग प्राध्यापकपदासाठी अर्ज. तोवर वय पस्तिशीकडे झुकलेलं असतं. लग्न, आईवडिलांचं आजारपण, जोडीदाराची नोकरी हे सगळं याच काळात येतं. ते लपवून मुलाला या वाटेवर पाठवणं योग्य नाही.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी. या शिक्षणात जे येतं, म्हणजे प्रचंड माहितीतून अर्थ काढणं, कोड लिहिणं, अनिश्चितता मोजणं, ते विदा (डेटा) विश्लेषण, सॉफ्टवेअर, वित्तसंस्था, उपग्रह प्रतिमा, वैद्यकीय प्रतिमा या सगळ्या क्षेत्रांत चालतं. कॉलेजात शिकवायचं असेल तर नेट किंवा सेट लागते. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदासाठी पीएचडी ऐच्छिक आहे. तारांगणं, विज्ञान केंद्रं, विज्ञानलेखन इथेही माणसं लागतात. पीएचडीनंतर उद्योगात गेलेला विद्यार्थी ‘वाया गेला’ असं घरात कोणी म्हणू नये, ही कळकळीची विनंती.

१९. मुलीला रात्री-बेरात्री डोंगरावरच्या वेधशाळेत जावं लागेल का? सुरक्षित आहे का?

आज बरीच निरीक्षणं दुरून होतात. लडाखमध्ये हानले इथे ४५०० मीटर उंचीवर असलेली दोन मीटरची दुर्बीण बंगळुरूजवळच्या होसकोट्याहून चालवतात. प्रत्यक्ष जावं लागलं तरी वेधशाळेत कर्मचारी, निवास, वाहन असतं. स्पंदकांचा शोध १९६७ मध्ये जोसलिन बेल या पीएचडीच्या विद्यार्थिनीने लावला. आपल्याकडे आयआयएसारख्या जुन्या संस्थेचं संचालकपद अन्नपूर्णी सुब्रमण्यम यांनी सांभाळलं. प्रत्येक संस्थेत लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती कायद्याने बंधनकारक आहे, आणि भारतीय खगोलशास्त्र संघटनेचा लिंगसमानतेसाठी कार्यगटही आहे. घरच्यांनी विचारायचा प्रश्न रात्रीचा नसून प्रश्न १४ मधला आहे.

२०. मला रंग नीट ओळखता येत नाहीत. दृष्टी कमी आहे. हा विषय बंद का?

अजिबात नाही. दुर्बिणीतून येतात ते आकडे. छायाचित्रातले रंग बहुधा नंतर भरलेले असतात, आणि रंगांधळ्यांना स्पष्ट दिसतील अशा रंगपट्ट्या प्रत्येक आज्ञावलीत असतात. वांडा दियाज-मर्सेद या दृष्टिहीन खगोलशास्त्रज्ञ आकड्यांचं ध्वनीत रूपांतर करून संशोधन करतात. प्रवेश परीक्षेत लेखनिक किंवा जादा वेळ हवा असेल तर अर्ज भरतानाच नोंद करा.

२१. बारावीला गणित सोडून जीवशास्त्र घेतलं होतं. आता?

बीएस्सी भौतिकशास्त्राला बहुतेक ठिकाणी गणित मागतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून बारावीचा एकच विषय म्हणून गणित देता येतं. प्रवेश हव्या असलेल्या विद्यापीठाला हे चालतं का, ते लेखी विचारून घ्या.

२२. एमएस्सीच्या पदवीवर ‘खगोलशास्त्र’ असं नाव असेल तर फिजिक्सचा प्राध्यापक होता येतं का?

इथे अडचण येऊ शकते. जाहिरातीत ‘संबंधित विषयात पदव्युत्तर पदवी’ असं असतं आणि छाननी समिती नावावर अडते. शिकवण्याचा विचार असेल तर शक्यतो ‘एमएस्सी फिजिक्स’ असं नाव असलेली पदवी घ्या, त्यात खगोलशास्त्र विशेष विषय म्हणून. आधीच दुसरी पदवी घेतली असेल तर नेट-सेट भौतिक विज्ञानात द्या आणि विद्यापीठाकडून समकक्षतेचं पत्र घेऊन ठेवा.

२३. माझं वय ३६, नोकरी आयटीत. पीएचडी करता येईल?

वयाची अट फेलोशिपच्या परीक्षांना असू शकते, पीएचडीला सहसा नसते. अर्धवेळ पीएचडी नियमांत बसते, कार्यालयाचं ना हरकत पत्र लागतं. दूरस्थ किंवा पूर्ण ऑनलाइन पीएचडी मात्र मान्य नाही. पदवी नको, संशोधनच हवं असेल तर नागरिक-विज्ञान प्रकल्प आहेत. भारतातला ‘रॅड अॅट होम’ जीएमआरटीच्या प्रतिमांमधून वेगळ्या रेडिओ दीर्घिका शोधायला शिकवतो. आयटीतल्या माणसाचा कोड खगोलशास्त्राच्या मुक्त आज्ञावलींनाही हवाच असतो.

२४. विश्वाच्या उत्पत्तीबद्दल माझा नवा सिद्धांत आहे. कोणाला पाठवू?

आधी तो आकड्यांत मांडा. वैश्विक सूक्ष्मलहरी प्रारणाचं तापमान २.७ केल्विन का, विश्वात वस्तुमानाने सुमारे पाव भाग हीलियम का, दूरच्या दीर्घिकांच्या वर्णपटातल्या रेषा लाल बाजूला का सरकतात: या तिन्हींची उत्तरं प्रचलित सिद्धांत आकड्यांनिशी देतो. नव्या सिद्धांताने किमान तेवढं द्यायला हवं आणि शिवाय एखादं असं भाकीत करायला हवं, जे निरीक्षणाने खोटं ठरू शकेल. स्वतः नारळीकरांनी महास्फोट सिद्धांताला आयुष्यभर विरोध केला, पण तो समीकरणं आणि निरीक्षणं घेऊन, नियतकालिकांत निबंध लिहून. तुमच्याकडे असं गणित असेल तर जवळच्या विद्यापीठातल्या भौतिकशास्त्र विभागात चर्चासत्रासाठी वेळ मागा आणि दोन पानांचा गोषवारा आधी पाठवा.